हीनमेनिकेचं रान

वाटणीत धाकट्या भावाला, टिकिरीला, वडिलांची फळती बाग गेली आणि हीनमेनिकेच्या वाट्याला आला चहाचा पडीक उतार. माती वाहून गेलेली, मधूनमधून खडक वर आलेला. टिकिरी बघायला आला आणि म्हणाला, "अक्का, इथं बकरीसुद्धा उपाशी मरेल गं!"

"मग तू नको येऊस चरायला," ती म्हणाली.

त्या पावसाळ्यात ती डोक्यावर केळीचं पान धरून उतारावर बसायची. पाणी कुठून धावतं, कुठे थबकतं ते बघायची. पाणी धावायचं तिथे नवऱ्याला, मुदियान्सेला हाताशी घेऊन तिने दगडांचे आडवे बांध घातले. बांधाआड माती साचली, तशी झटपट वाढणाऱ्या गिरिपुष्पाच्या फांद्या रोवल्या आणि त्यांच्या सावलीत फणसाच्या आठळ्या, केळी, नारळ, सुपारी, जायफळ लावलं. खाली हळद न् अळू. मुदियान्से कुरकुरला, "एवढी दाटी? झाडं भांडतील एकमेकांशी."

"भांडू देत. आपण नाही का भांडत? तरी एकाच घरात राहतो."

तिसऱ्या वर्षी गिरिपुष्प चांगलं माजलं आणि तिनेच कोयता घेऊन ते छाटायला काढलं. गावात हसू झालं, बाई लावते आणि बाईच तोडते. मुदियान्सेही दोन दिवस धड बोलला नाही. पाला तिने फणसांच्या बुडाशी पसरला. ऊन मिळालं तसे फणस सरसरून वर गेले. मग त्यांच्या खोडांवर तिने मिरीचे वेल चढवले.

वडिलांच्या नावाचं भिक्खूंचं जेवण दरसाल टिकिरीकडे व्हायचं. दहाव्या वर्षी ते हीनमेनिकेने मागून घेतलं. तांदूळ न् मीठ तेवढं बाहेरचं. कोवळ्या फणसाची भाजी, केळफूल, अळू, नारळाचं दूध, वर पिकली केळी आणि माडाचा गूळ, सगळं उतारावरचं. लोक जेवून उठले तरी निघेनात, झाडांखाली रेंगाळत राहिले.

टिकिरी तर थोरल्या भिक्खूंना हात जोडून रानभर फिरवत होता. छाती अशी काढलेली, जणू त्यानेच खड्डे खणलेत. "माझ्या अक्कानं केलंय हे, भंते. नुसता खडक होता इथे, खडक! आणि ही बघा लवंग."

चुलीपुढून हीनमेनिके धाकट्या भावावर ओरडली, "जायफळ आहे ते, मल्ली! भंतेंना खोटं नको सांगूस!"

सगळे हसले. टिकिरी सगळ्यांत मोठ्याने.