पहिली फरशी

माझे मामा जन्मभर फरश्या बसवत आले. काम सोडल्यावर ते मामीला गाडीत बसवून जुने राजवाडे बघायला निघाले. मामी छतावरची नक्षी बघायची आणि मामा वाकून जमीन.

"अहो, मान वर करा जरा. राजे काय जमिनीत राहत होते?" ती म्हणायची.

वाटेत त्यांचं पूर्वीचं घर लागत होतं. तिथल्या स्वयंपाकघरातली फरशी हे मामांचं पहिलं काम. ती कुणी उखडून टाकली असेल, या धास्तीने ते गल्लीच्या तोंडाशीच गाडी थांबवून बसले. शेवटी मामीनेच उतरून बेल वाजवली.

दार उघडणाऱ्या बाईंनी हसत आत घेतलं. फरशी जागच्या जागी होती, फक्त जरा पिवळी पडलेली. मामा खाली बसले आणि सवयीने बोटाच्या पेराने एकेक फरशी वाजवून बघू लागले. ओट्याजवळची एक पोकळ वाजली. त्यांचा चेहरा पडला.

"ती पहिल्या दिवसापासून तशीच वाजते," मामी म्हणाली.

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"नवीन लग्न झालेलं. तुमच्या पहिल्याच कामाला नावं ठेवू?"

मामा बाईंकडे वळले. "ताई, इथे जवळपास सिमेंट मिळेल का हो?"

त्या दिवशीचा राजवाडा राहूनच गेला. मामी ओट्याला टेकून बाईंना जुन्या शेजाऱ्यांच्या गमती सांगत राहिली आणि मामा बाह्या दुमडून, शीळ घालत ती एक फरशी नव्याने बसवत होते.