माझी पाळी आणि आत्याबाईंच्या कुरड्या

पन्नाशीला टेकल्यावरही मला दर महिन्याला पाळी येते, अशी आमच्या ह्यांची समजूत होती. सगळ्या घराचीच होती. फक्त माझी नव्हती, कारण माझी पाळी अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, एका संक्रांतीनंतर, कायमची बंद झाली होती!

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. आमचं घर वडनेरचं, शेतीचं, दोन्ही वेळा दहा माणसं जेवणारं. घरात सोवळंओवळं होतं. बाई बाहेर बसली की तीन दिवस मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, एक घोंगडी, एक तांब्या, वेगळं ताट. तिने कशाला शिवायचं नाही आणि तिला कोणी शिवायचं नाही. तरुणपणी मला याचा भयंकर राग यायचा. पुढे लक्षात आलं, की वर्षाकाठी मला मिळणारी सगळी सुट्टी ती हीच! तीन दिवस कोणी विचारायचं नाही, की मीठ कुठे आहे आणि माझा सदरा कुठे आहे.

आणि नेमकी तीच सुट्टी बंद झाली. तीही अशा वेळी, की भाकरी थापता थापता मला डुलकी लागायची. अंगातून एकदम वाफा निघायच्या. (वर्धेकडे मे महिन्यात अंगाची आग होणं हा आजार धरत नाहीत, ते हवामान असतं. त्यामुळे कोणाला सांगायचीही सोय नव्हती.) सगळ्यात वाईट ती धडधड. विहिरीवर झाकण टाकलं का? चूल विझवली का? कडी लावली का? तीनदा बघून यायचं, आणि चौथ्यांदा उठायचं. कशाची भीती वाटते ते सांगता येत नव्हतं, पण वाटायची. एक तर माझं हृदय चाललं किंवा डोकं तरी, असं मी मनाशी धरून चालले होते.

अशाच एका सकाळी डोळ्यांसमोर अंधारी आली आणि तोंडातून आपोआप निघालं, "आत्याबाई, कावळा शिवला."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. सत्तरी ओलांडलेल्या, काठीसारख्या ताठ. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, "बस मंग. चूल मी पाह्यतो."

मी सपरीत तीन दिवस झोपले! चौथ्या दिवशी न्हाऊन उठले ती नवी होऊन. आत्याबाईंनी ह्या वयात तीन दिवस गोळाभात रांधून घरादाराला वाढला, याची टोचणी लागली होती. पण टोचणी पुढच्या महिन्यापर्यंतच टिकली.

दोन वर्षं हे निर्विघ्न चाललं. निर्विघ्न म्हणजे बाहेरून. आतून मी रोज पकडली जात होते. देव कोपेल, आत्याबाई ओळखतील, हे माहेरी पाठवतील! (माहेरी तेव्हा कोणी उरलेलं नव्हतं, तरी भीती वाटायचीच.) म्हणजे धडधड घालवायला मी बसत होते आणि बसण्यामुळे धडधड वाढत होती.

मग कुरड्यांचे दिवस आले. एका सकाळी उठून पाहते तो अंगणात पायलीभर गव्हाचा चीक तयार, खाट अंथरलेली, सोऱ्या धुऊन ठेवलेला. ऊन आठ वाजताच चटके देत होतं. माझ्या तोंडाने पुन्हा घात केला.

"आत्याबाई, कावळा शिवला."

आत्याबाईंचा चिकातला हात थांबला. "आताच तं न्हायली होती ना वं तू? अकरा दिसच झाले!"

गेले! मी मोजायलाच विसरले होते. आता नाही म्हणावं तर पायलीभर कुरड्या आणि खोटेपणा दोन्ही माझ्या गळ्यात. मी मान खाली घातली.

मला वाटलं, त्या रागावतील. पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ह्यांना हाक मारून म्हणाल्या, "इले आत्ताच्या आत्ता हिंगणघाटले ने. लेडी डॉक्टरकडे. मी बी येतो."

"अवो, पण कुरड्या?" हे म्हणाले.

"चुलीत जाऊ दे कुरड्या!"

आत्याबाईंच्या तोंडून असं वाक्य कोणी कधी ऐकलं नव्हतं. माझी धडधड बाहेर ऐकू जाईल इतकी वाढली. डॉक्टरीण तपासणार, आणि दोन मिनिटांत माझं पितळ उघडं पाडणार!

एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. आत्याबाई दारातूनच ओरडल्या, "सरका जी सरका! बाहेरची बाई आहे, शिवू नका तिले!" अख्खी बस दुभंगली. वडनेर-हिंगणघाट बसमध्ये एकटीला पूर्ण बाक मिळालेली मी पहिलीच बाई असेन. गावातले ओळखीचे लोक खिडकीबाहेर बघत होते. मी गिरडच्या टेकडीवरच्या बाबांना नवस बोलले, "बाबा, एवढ्या बारी सांभाळा, पुन्हा असं करणार नाही." आणि घाबरून घाबरून इतकी दमले, की त्या बाकावर झोपूनच गेले.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "शेवटची पाळी कधी आली?"

"आज पयला दिस," आत्याबाई म्हणाल्या. "अन् अकरा दिसाआधी एक. नीट पाहून घ्या जी तिले."

डॉक्टरीणबाईंनी मला पडद्यामागे नेलं. मी त्यांचा हात घट्ट धरला आणि कुजबुजले, "दोन वर्षांपूर्वी. संक्रांतीला."

"मग आता काय आहे?"

"आता कुरड्या आहेत."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर त्या तोंडाला रुमाल लावून हसल्या. मग थांबून त्यांनी एकेक विचारलं. झोप लागते का? वाफा येतात? उगाच भीती वाटते? रडू येतं? मी प्रत्येकाला हो म्हणत गेले. त्या म्हणाल्या, "पाळी जाताना पुष्कळ बायकांना हे होतं. तुमचं हृदय ठीक आहे. वेडही लागलेलं नाही."

मी तिथेच हमसून रडले. दोन वर्षं मी स्वतःला मरणाच्या नाहीतर वेडाच्या दारात बसवून ठेवलं होतं, आणि विचारायचं मात्र कोणालाच नाही!

बाहेर येऊन त्यांनी एवढंच सांगितलं, "घाबरण्यासारखं काही नाही. अशक्तपणा आहे. विश्रांती द्या यांना."

स्टँडवर हे गाडीची चौकशी करायला गेले. आम्ही दोघी लिंबाखाली बसलो, मधे हातभर अंतर ठेवून. आत्याबाई सरकत सरकत आल्या आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

"आत्याबाई! शिवलात!"

"कायचं शिवणं घेऊन बसली वं? दोन वर्सं झाले, मागच्या दोरीवर तुहं एक फडकं वाळताना दिसलं नाई मले."

फडकं! सोंगातली एवढी मोठी गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. मला धरणी फाटेल तर बरं असं झालं. "मग बोलला काऊन नाही?"

"कायले बोलू? तू बसली का तीन दिस चूल माह्या हाती येते. नाईतर तुह्या राज्यात मले कोणी मीठबी टाकू देत नाई." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "पण आज वाटलं, या बारीचं खरंच असन तं? माह्या बहिणीले पाळी गेल्यावर पुन्हा रगत जाऊ लागलं होतं. लाजेनं कोणाले बोलली नाई. सहा महिन्यांत गेली." माझा हात त्यांनी आणखी दाबला. "मले लय भेव लागलं, कुसुम."

घाबरण्याचा मक्ता माझ्या एकटीकडे नव्हता तर! धडधड त्यानंतरही येत राहिली, पण आली की मी आत्याबाईंजवळ जाऊन बसायची आणि सरळ सांगायची.

त्या दिवसापासून माझी पाळी आत्याबाई ठरवू लागल्या. "कुसुम, परवा बसजो. पोरी येऊन राह्यल्या, मले गोळाभात करायचा आहे." मी आज्ञाधारक सून. सांगितल्या दिवशी बसायची. आत्याबाई आठवणीने मागच्या दोरीवर एक ओलं फडकंही टाकून यायच्या.

त्या गेल्या, आणि त्याच महिन्यात माझी पाळी एकदाची बंद झाली. मी सत्तावन्न वर्षांची होते. आमच्या ह्यांना अजूनही वाटतं, की ती दुःखाने बंद झाली.