घर पहिले तिला

माझ्या लग्नात माझ्या गळ्यात दोन वस्तू पडल्या. एक मंगळसूत्र आणि दुसरी माझी सख्खी थोरली बहीण. बहीण म्हणजे तिचा टाक. चांदीच्या पातळ पत्र्यावर सोनाराने ठसवलेली बाईची आकृती, नखाहून थोडी मोठी, काळ्या दोऱ्यात ओवलेली. ताई बाळंतपणात गेली, बाळही गेलं. मागे तिची सहा-सात वर्षांची मुलगी राहिली. दोन्हीकडच्या मोठ्या माणसांनी बसून ठरवलं, की पोरीला परकी सावत्र आई आणण्यापेक्षा मावशी बरी. मला विचारायचं कोणाच्या ध्यानात आलं नाही. कालपर्यंत ज्यांना भाऊजी म्हणत होते त्यांना 'अहो' म्हणू लागले. दुसरेपणाच्या बायकोने पहिलीचा टाक गळ्यात वागवायचा, ही आमच्याकडची रीत होती.

रीत टाक घालून संपत नव्हती. नवं लुगडं आलं की आधी पाटावर टाक ठेवायचा, त्याच्यापुढे लुगड्याची घडी ठेवायची, हळदकुंकू वाहायचं. तिने नेसून झालं असं धरायचं आणि मग आपण नेसायचं. बांगड्यांचं तेच, चपलेचं तेच. पोळ्याची पुरणपोळी पहिली तिला. सासूचं ठरलेलं वाक्य होतं, "पहिले तिले." सासू वाईट नव्हती. कढी आंबट झाली तरी ओरडायची नाही. फक्त हे एक वाक्य ती देवाला दिवा लावावा तसं रोज लावायची.

मला राग येत नव्हता. रडूही येत नव्हतं. दात काढल्यावर जीभ जशी जड होते तसं माझं सगळंच झालं होतं. वाटायचं ते एवढंच, की कधीतरी, कुठल्याही क्षुल्लक गोष्टीत, कोणीतरी पहिले मला विचारावं. भाजी वांग्याची करू की मेथीची, एवढं विचारलं असतं तरी माझं पोट भरलं असतं.

आमचं गाव दारव्ह्याकडे. हे यवतमाळला सरकी काढायच्या एका जिनात कामाला होते, कापसाच्या गाड्या काट्यावर तोलायचं काम. हंगामात आठ-आठ दिवस गावी येत नसत. यवतमाळला घर घेऊ, पोरीला शाळेत घालू, असा ताईचा लकडा होता. ती असताना यांनी कान दिला नाही. ती गेल्यावर वर्षाच्या आत शेत बटईने, अर्ध्या वाट्यावर, कसायला दिलं आणि घर घेतलं. त्याच सुमाराला आपला मुलूख मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला म्हणून जिनात लोक बोलायचे. आम्ही दारव्ह्याकडून यवतमाळला गेलो. कोणी कुठे जायचं ते दुसऱ्यांनीच ठरवलं होतं, माझं काय आणि मुलखाचं काय.

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात. मी दोन्ही झाल्यावरच पाहिलं. सकाळी बैलगाडी गल्लीत शिरली, गाडीत पेट्या, जातं, कोंबड्यांची पाटी, सासू, पोर आणि मी. कवेलूच्या छपराचं बुटकं घर, पुढे ओटा, दाराला निळा रंग. हे नारळ घेऊन दाराशी उभे राहिले आणि सासूने गाडीतूनच हात वर केला.

"थांब रे. घर नवीन हाय ना? मंग पहिले तिले."

हे थांबले. लुगड्याची रीत सगळ्यांना ठाऊक होती, पण घर टाकापुढे ठेवायचं कसं? आमच्या गावात दुसरेपणाच्या बायका पुष्कळ होत्या, शहरात नवं घर घेतलेली मात्र एकही नव्हती. विचारावं कोणाला? सासूने खाली उतरून बराच विचार केला. लुगडं टाकापुढे ठेवता येतं, घर ठेवता येत नाही, म्हणून टाकच घरात ठेवायचा. दार ओढून घ्यायचं. तिला घर वापरू द्यायचं. उन्हं कलली की आपण जायचं.

"कलेपर्यंत?" हे म्हणाले. "माय, लोक हासतीन."

"हासू दे. लुगडं घटकाभर ठेवतो, घर काय लुगडं हाय?"

मी दोरा सोडून टाक सासूच्या हातात दिला. लग्नानंतर पहिल्यांदाच गळा घटकेहून जास्त वेळ मोकळा राहणार होता. मला बरं वाटलं, अगदी अंघोळ केल्यासारखं. सासू आत गेली, पाट मांडला, कुंकू वाहिलं, दिवा लावून बाहेर आली आणि तिने कडी लावली. मग आम्ही चौघं ओट्यावर बसलो. गाडीवान बैलांना चारा टाकून झाडाखाली आडवा झाला. कोंबड्या पाटीत ओरडत होत्या.

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. आधी पोरं आली, मग बायका. समोरच्या घरातली एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिला वाटलं, जुन्या मालकाने घराचा ताबा दिला नाही.

"काहून बाहेर बसून राह्यल्या, बाई? चाबी नाही भेटली काय?"

"भेटली," सासू म्हणाली. "आत सून हाय."

त्या बाईने माझ्याकडे पाहिलं, मग बंद दाराकडे. बाहेरून कडी लावलेली सून तिला काही समजेना. तिने पोरीला जवळ घेऊन विचारलं, "ही तुही माय होय ना?"

"नाही. मावशी हाय," पोर म्हणाली. "माय हिच्या गळ्यात राह्यते. आज घरात गेली."

बाई तांब्या तिथेच ठेवून निघून गेली. पुढे तिच्याशी माझी चांगली मैत्री झाली आणि त्या दिवशी आम्ही सगळे वेडे आहोत असं तिला वाटलं होतं, हे तिने मला पापड लाटताना सांगितलं. मी म्हटलं, तुझं काही फार चुकलं नव्हतं.

आम्ही शिदोरीतल्या भाकरी आणि ठेचा ओट्यावरच खाल्ला. ऊन ओट्यावर आलं तसे आम्ही सरकत सरकत भिंतीला चिकटलो. स्वतःच्या घराच्या सावलीत बसायची सुद्धा आमची पाळी अजून आली नव्हती. उन्हं कलल्यावर सासूने यांना खूण केली. यांनी कडी काढली आणि एकटेच आत गेले. टाक घेऊन लगेच येतील म्हणून मी मडकं कमरेवर घेऊन दारात उभी राहिले. ते आले नाहीत. आतून बोलणं ऐकू आलं.

"हे पाय, इथं चूल. इथं तुही पेटी राहीन. पोरीची शाळा त्या मोडावर हाय, तू म्हणे ना जवळ पायजे म्हणून. मांगं वाडी हाय लहानशी, वाल लावता येतीन. मी लवकर नाही घेतलं. चुकलंच माह्यं."

लग्न झाल्यापासून हे माझ्याशी जेवढं बोलले नव्हते तेवढं त्या पाटाशी बोलले. आवाज हळू होता आणि फार मऊ होता. मला तो आवाज ठाऊकच नव्हता. मडकं कमरेवर रुतत होतं, तरी ते खाली ठेवायचं मला सुचलं नाही. मला मत्सर वाटायला हवा होता. वाटलं ते इतकंच, की वाल मला आवडत नाहीत.

ते बाहेर आले, टाक माझ्या तळहातावर ठेवला, "घाल," म्हणाले आणि गाडी उतरवायला गेले. टाक दिव्याजवळ राहून कोमट झाला होता. मी तो गळ्यात बांधला आणि आत गेले. ते घर मला कोणी दाखवलं नाही. झाडता झाडता, सारवता सारवता ते मला कळत गेलं.

संसार लागला. पोर शाळेत जाऊ लागली, हुशार निघाली. मलाही दोन मुलं झाली. त्यांच्या बारशाची झबली आधी पाटावर गेली. बाजारातून आणलेला पहिला कंदील, पहिला स्टोव्ह, सगळं पाटावर जाऊन मग माझ्या हातात आलं. मागच्या वाडीत मी दरवर्षी वाल लावले आणि दरवर्षी रांधले. पोर मला शेवटपर्यंत मावशीच म्हणाली. तिने जीव लावला, मीही लावला असावा. शेजारणी म्हणायच्या, किती शांत बाई आहे. मी हसायची. शांत नव्हते, सुन्न होते. पण दुरून दोन्ही सारखीच दिसतात.

साठ साल उलटल्यावर एका उन्हाळ्यात सासू गेली. तिचं दिवसपाणी झाल्यावर पहिल्या सणाला मी नवं लुगडं पाटावर ठेवलं, तेव्हा हे म्हणाले, "आता राहू दे. ते मायचं होतं." मी घडी पाटावरच राहू दिली.

त्यानंतरच्या वर्षी मागच्या बाजूला स्वयंपाकाची नवी खोली काढायचं ठरलं. धुराने माझे डोळे अधू झाले होते. गवंडी आला, पाया भरला गेला, भिंती कमरेएवढ्या आल्या. एके दिवशी सकाळी मी भांडी घासत होते. हे जिनात जायला निघालेले परत फिरले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले. काहीसे अवघडले होते.

"गवंडी विचारून राह्यला, खिडकी कोणीकून काढाची. तुले कोणीकून पायजे?"

आवाज हळू होता. इतक्या वर्षांत मी जे मागत होते ते तसंच्या तसं माझ्या पुढ्यात उभं होतं. मी राखेचे हात वर धरले, त्या अर्ध्या भिंतींकडे पाहिलं आणि माझं तोंड आपोआप उघडलं.

"पहिले तिले विचारा."

मी टोमणा मारला नव्हता. तोंडात तेवढंच होतं.

"मी तुले विचारून राह्यलो," ते म्हणाले.

मी खरंच शोधलं. पूर्वेला वाडी होती, उत्तरेला शेजारणीचं अंगण, दक्षिणेला गल्ली. कुठल्याही बाजूला पाहिलं तरी मला काही हवंसं वाटेना. इतका वेळ गेला, की त्यांच्या कामाचा भोंगा वाजला. ते निघून गेले आणि त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. गवंड्याने त्याला सोयीची पडली तिथे खिडकी काढली. तिच्यापाशी उभी राहून मी पुढे आयुष्यभर स्वयंपाक केला आणि ती मला तिथे हवी होती की नाही, हे मला अजून सांगता येत नाही.