अठ्ठेचाळीस आकडे

आधीच सांगतो, मी अंगारे-धुपारे मानणाऱ्यातला नाही. सोसायटीत कुणाला जिन्यात पैंजण ऐकू आले की ‘आधी पाण्याचा पाइप बघा’ म्हणणारा आगाऊ माणूस मीच. त्यामुळे हे वाचून हसलात तरी चालेल... दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मीही हसलो असतो.

आम्ही डोंबिवली पश्चिमेला, कोपरजवळ राहतो. आई-बाबा, मी आणि बायको केतकी. बाबा टेलिफोन ऑपरेटर म्हणून रिटायर झाले. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण आठ महिन्यांत तोंडून एक शब्द नाही. आई रोज समोर बसून ‘पा-णी’ म्हणायला लावायची. ते नुसते बघत राहायचे.

त्या रविवारी केतकीचा पीएचडीचा प्रबंध द्यायला तीन दिवस उरले होते. सगळा प्रबंध एकट्या तिच्या लॅपटॉपवर. तो फार रखडत चालायचा, म्हणून मी मोठ्या हौसेने विंडोजशेजारी लिनक्स ही हलकी सिस्टिम टाकून द्यायला बसलो. कॉपी काढून ठेवायचं मला सुचलं नाही.

लिनक्स बसलं, पण वायफाय चालेना. कारण सिक्युअर बूट — मशीन सुरू होताना ओळखीची सही नसलेलं काही आत सोडत नाही, गेटवरच्या वॉचमनसारखं. मी ते बंद केलं. तर विंडोज उघडेना, निळा स्क्रीन दाखवून रिकव्हरी की, म्हणजे कुलूपबंद डिस्क उघडायचा लांबलचक नंबर, मागायला लागलं. परत चालू केलं, परत बंद केलं... त्या गडबडीत मशीनने विचारलं, सिक्युरिटी चिपमधलं सगळं पुसू का? डिस्कच्या कुलपाची किल्ली त्याच चिपमध्ये होती. मी शहाण्याने ‘हो’ दाबलं.

आता अठ्ठेचाळीस आकडी की हा एकच मार्ग. ती केतकी आधी नोकरीला होती त्या कॉलेजच्या खात्यात सेव्ह झालेली, आणि नोकरी सोडल्यावर ते खातंच बंद झालेलं.

“अरे, चार वर्षं आहेत त्यात माझी,” केतकी एवढंच म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत मी तेच करत होतो. बंद, चालू, निळा स्क्रीन. कुठूनही गेलो तरी त्याच दारात. जेवायलाही उठलो नाही. बाबांची कॉट माझ्या पाठीमागेच, आई त्यांना मऊ भात भरवत होती.

आणि मागून आवाज आला.

“पाच... शून्य... सात... एक... एक... एक.”

आईच्या हातातला चमचा खाली पडला. “अरे मंगेश! अरे, बोलतायत ते!”

पुढे सहा आकडे. थोडं थांबून आणखी सहा. आवाज खरखरीत, पण नंबर सांगायची पद्धत ड्युटीवरच्यासारखी. का कुणास ठाऊक, मी ते टाइप करायला लागलो. की सहा-सहा आकड्यांच्या आठ गटांत असते, आणि एखादा गट चुकीचा असेल तर मशीन तिथल्या तिथे अडवतं. पहिला गट घेतला. दुसरा घेतला...

“मंगेश, इकडे बघ रे!”

“आई, थांब गं! मध्ये बोलू नको, आकडा चुकेल.”

आठवा गट टाकला आणि विंडोज उघडलं. केतकी किंचाळली, मीही. प्रबंध जागेवर होता. मी वळलो तेव्हा बाबांचे डोळे मिटलेले, गालावर भात सांडलेला.

की त्यांनी कधी पाहिली असणं शक्यच नाही. आम्हीही पाहिली नव्हती. फोन नंबर पाठ असणं वेगळं, हे वेगळं. ऑफिसातल्या मित्रांना सांगितलं तर म्हणाले, कुठेतरी लिहिलेली असेल. कुठे, ते कुणी सांगत नाही.

केतकीचा प्रबंध वेळेत गेला. बाबा त्यानंतर बोललेले नाहीत. मी रोज त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसतो, ‘बाबा, काहीतरी बोला’ म्हणतो. ते बघत राहतात.

परवा धीर करून आईला विचारलं, शेवटचा आकडा सांगून झाल्यावर ते लगेच गप्प झाले का?

“नाही रे,” आई म्हणाली. “आकडे संपल्यावरही बोलत होते. तुमच्या ओरडण्यात मला ऐकूच आलं नाही.”