सोवळ्यातले मोबाईल

माझी बायको इंदू मुलींचे मोबाईल काठीने दांडीवर टांगायची आणि शाळा सुटायची घंटा होईपर्यंत त्यांना कुणाचा हात लागू द्यायची नाही. काशीत मंगला गौरीच्या देवळाजवळ मुलींची शाळा आहे, तिथे ती दाई, म्हणजे शिपाईण होती. गेल्या माघात ती गेली. मी चौथी शिकलेला माणूस, श्राद्धाच्या पंगतींचा स्वयंपाक करतो. लिहिणं माझं काम नाही. पण तिच्याबद्दल दुसरं कोण लिहिणार?

शाळेने ठरवलं, वर्गात मोबाईल नको. घरचे म्हणाले, मुलगी गल्ल्यांतून एकटी येते, मोबाईल हवाच. मग फाटकात लोखंडी पेटी ठेवली. सगळे मोबाईल एकावर एक. काचा फुटल्या, भांडणं झाली. इंदू प्राचार्य मॅडमना म्हणाली, "पेटी कसली ठेवता? आमच्याकडे सोवळं उंच दांडीवर वाळत घालतात, काठीने. कुणी शिवायचा प्रश्नच नाही." तिने जुन्या लुगड्याच्या पिशव्या शिवल्या, त्यांवर दोऱ्याने हजेरीचे नंबर काढले आणि व्हरांड्यात दांडी बांधायला मला नेलं.

पहिल्या दिवशी तिने सवयीने सगळ्या मोबाईलांवर गंगाजल शिंपडलं. दोन बंद पडले. मॅडम ओरडल्या, तर ही म्हणते, "गंगाजलाने बंद पडतो तो मोबाईल मुळातच खोटा." मी शिडीवर होतो. तिथेच थांबलो.

मध्येच कुणी पिशवी चाचपली तर, "शिवलीस? जा, नळावर हातपाय धुऊन ये." सगळ्या हिंदी बोलणाऱ्या पोरी, पण 'शिवलीस' हा शब्द त्यांना पाठ झाला. एकदा मॅडमच फोनवर बोलत व्हरांड्यात आल्या. इंदूने काठी पुढे केली. "मॅडम, सोवळं सगळ्यांना एकच." मॅडमचाही मोबाईल वर गेला. दुपारच्या सुट्टीत पोरी एकमेकींशी बोलायला लागल्या. इतकं, की शेजारच्या देवळातला पुजारी तक्रार घेऊन आला.

नववीत नंदिनी नावाची मुलगी होती. घंटा झाली की बाकीच्या काठीखाली झुंबड करायच्या, ही मागे उभी. सगळ्या गेल्या की म्हणायची, "काकू, आज इसे यहीं रहने दीजिए." एक दिवस झाला, दुसरा झाला. डबाही भरलेलाच परत जायचा. तिसऱ्या दिवशी इंदूने तिला पायरीवर बसवलं, आपली पोळीभाजी पुढे सरकवली आणि काही विचारलं नाही. अर्ध्या पोळीवर पोरगी रडायला लागली. वर्गातल्या चौघींनी कुणाच्या तरी वाढदिवसाला तिचा जेवतानाचा फोटो काढून ग्रुपवर टाकला होता, खाली 'भैंस' लिहून. रोज घरी गेलं की नवी मस्करी. म्हणून तिला मोबाईल घरी न्यायचा नव्हता आणि जेवायचंही नव्हतं.

चौथ्या दिवशी तिचे वडील आले. चौकात दुकान, आवाज मोठा. "दाई होकर हमारा मोबाइल रखेंगी? नौकरी चली जाएगी!"

"जाएगी तो जाएगी," इंदू म्हणाली. "बिटिया चार दिन से डब्बा नहीं खा रही. आपको पता है?"

त्यांना माहीत नव्हतं. इंदूने पिशवी उतरवली, मोबाईल पोरीच्या हातात दिला. "बाप को दिखा. मैं यहीं खड़ी हूँ." बापाने उभ्याने वाचायला सुरुवात केली आणि बसून संपवलं.

मॅडमनी चौघींच्या आयांना बोलावलं. शिक्षा मात्र इंदूने दिली. महिनाभर त्या चौघी नंदिनीच्या शेजारी डबा खायला. "लाज वाटली तर वाटू दे. डबा संपल्याशिवाय उठायचं नाही." त्यातल्या दोघी आता तिच्या मैत्रिणी आहेत. दोघी नाहीत.

नंदिनीचं हे सगळं मला तेराव्याला कळलं. ती वडिलांबरोबर आली होती. पंगतीत बसली, दोनदा खीर मागून घेतली, मग माझ्याजवळ येऊन सांगितलं. मी म्हटलं, "बेटा, हमारे घर में तो यह बात कभी निकली ही नहीं."

पोरगी गोंधळली. "काकू तो कहती थीं, रोज शाम काका को बताती हूँ. कहती थीं, काका भी पूछते हैं, नंदिनी ने आज खाया कि नहीं."

संध्याकाळी मी मोबाईलवर कुस्त्या बघायचो. इंदू पोळ्या लाटता लाटता काहीतरी बोलत असायची. मी हं म्हणायचो. मी कधी काही विचारलं नाही.

पोरगी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "हाँ बेटा, पूछते थे."