बुजवलेला सांडवा

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, आपल्या तळ्याला 'धरण' म्हणत. पवनारच्या पुढे नाल्यावर घातलेला मातीचा बांध तो, आणि त्याच्या खाली आमची वांग्या-टमाट्याची वाडी. नागपूरचे पाहुणे आले की भासरे त्यांना बांधावर नेत आणि कमरेवर हात ठेवून पाण्याकडे बघत उभे राहत. पायाखाली घुशींनी केलेली बिळं त्यांना कधी दिसली नाहीत. खाली बघायची सवयच नव्हती त्यांना.

जादा पाणी निघून जावं म्हणून बांधाच्या टोकाला सांडवा होता. गेल्या वर्षी भासऱ्यांनी तळ्यात मासे सोडले. ते वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्याला जाळी ठोकली, वर दगड रचले.

मी म्हटलं, "भाऊजी, जाळीत बेशरमाच्या फांद्या अडकून राह्यल्या. पाणी जाईन कुठून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नवऱ्याला म्हणाले, "तुह्या बायकोले सांग, वांगे सांभाळ म्हणा. धरण आमी पाहून घेऊ."

नवरा हसला. त्या हसण्यानं तोही माझ्या मनातून उतरला.

भाद्रपदात पावसाची झड लागली. एका सकाळी वाडीत गेले, तर बांधाच्या पायथ्यातून गढूळ पाणी निघत होतं. नितळ पाझर तिथं नेहमीच असे. गढूळ पाणी म्हणजे आतली माती सुटायला लागली होती. वर तळं काठोकाठ भरलेलं, आणि जाळी पाल्यापाचोळ्यानं गच्च.

मी जाऊबाईंना हाक मारली, भासऱ्यांच्याच बायकोला. त्या विळा घेऊन धावत आल्या, मागून माझा नवरा सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन. त्यानं दगड ढकलले, आम्ही दोघी जाळी कापू लागलो. तेवढ्यात छत्री घेऊन भासरे आले.

"जाळी तोडू नका. मासे जातीन ना सारे."

जाऊबाईंनी मान वर केली नाही. "तुमी बाजूले व्हा. छत्री लागून राह्यली."

जाळी सुटली आणि पाणी धडाडत नाल्यात गेलं. बांध एका जागी खचला, पण टिकला. खालचे टमाट्याचे वाफे गाळात गेले. मासे नाल्यात गेले, आणि गावानं ते चवीनं खाल्ले.

पुढं हिंगणघाटला एका लग्नात भासरे सोयऱ्यांना सांगत होते, "मी उभा होतो म्हणून बांध वाचला." उभे तर ते होतेच.

या उन्हाळ्यात बिळं उकरून, त्यांत ओली माती भरून आम्ही दोघींनी ती धुम्मसानं ठोकली. सांडवा मोकळा आहे. भासऱ्यांना आता बांधावर स्वतःच्या नावाची पाटी लावायची आहे. जाऊबाई म्हणाल्या, "लावू दे त्याईले, पण घरासमोर. बांधावर खड्डा खंदू देत नाई मी."