अकरा वाजताचा पाऊस

सर्व संबंधितांस या निवेदनाद्वारे अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखक हा मत्सरी इसम असून, उभ्या नोकरीत त्याने हा गुण जिवापाड जपलेला आहे. याबाबत कोणाची हरकत असल्यास ती पंधरा दिवसांत लेखी नोंदवावी. मुदतीनंतर आलेल्या हरकती विचारात घेतल्या जाणार नाहीत.

आता निवांत बोलू.

मी पाऊस मोजायचो. वेरूळच्या रस्त्याला आमच्या खात्याची एक रोपवाटिका होती. तिच्या कोपऱ्यात, तारेच्या कुंपणात, पर्जन्यमापक उभा होता. रोज सकाळी साडेआठला तिथं जायचं, एक गुडघा जमिनीला टेकायचा, काचेचं मापपात्र डोळ्यांच्या रेषेत धरायचं आणि आकडा वहीत लिहायचा. पाऊस नसला तरी जायचं, गुडघा टेकायचा आणि शून्य लिहायचं. दुष्काळाच्या त्या वर्षांत मी इतकी शून्यं लिहिली की माझं शून्य फार वळणदार झालं होतं. शून्यांचं प्रदर्शन भरलं असतं तर पहिलं बक्षीस माझंच होतं.

पण माझ्या शून्यालाही मान होता. शहर चारी बाजूंनी सुटलं होतं. बायपासच्या पलीकडे जिथं ज्वारी असायची तिथं इमारतींचे सांगाडे उभे राहत होते आणि नळाला आठवड्यातून एकदा पाणी येत होतं. माणसांना बोलायला विषय एकच, पाऊस. आणि त्या विषयातला अधिकारी पुरुष मी. परतताना शहागंजात चहाला थांबलो की चाचा गल्ल्यावरूनच विचारायचा, "क्या साब, आज कितना गिरा?" मी कप बशीत ठेवायचो, रुमालानं मिशी पुसायचो, आसपासची माणसं गप्प झाल्याची खात्री करून घ्यायचो आणि म्हणायचो, "निरंक." लोक मान हलवायचे. एखादा उसासा टाकायचा. सांगतो, भरलेल्या नाट्यगृहात टाळी मिळाली तरी एवढं सुख नसेल.

वर्तमानपत्रांचे बातमीदारही मलाच फोन करायचे. तिथंच घात झाला. त्या वर्षी ढगांवर मिठाची फवारणी करून पाऊस पाडणारं विमान चिकलठाण्याला येऊन उतरलं. त्याच्या चाकांपुढं नारळ फुटला, फोटो निघाले. एका बातमीदारानं मला विचारलं, यानं पाऊस पडेल का? मी नाटकी माणूस. म्हणालो, "विमान मीठ घालेल हो, पण आधी ढग तर पाहिजे. कोरड्या आभाळात मीठ घालून काय लोणचं घालायचंय?"

दुसऱ्या दिवशी लोणच्यासकट छापून आलं. आठवडाभरात परिपत्रक निघालं. पाऊस, ढग, धरणातला साठा, भूजल आणि कृत्रिम पाऊस यांविषयी कोणत्याही कर्मचाऱ्यानं परस्पर बोलू नये. बोलायचं ते नेमून दिलेल्या एकाच अधिकाऱ्यानं, आणि त्यानंही वरून मंजूर होऊन आलेल्या कागदावरचंच.

तो नेमून दिलेला अधिकारी मी नव्हतो, हे सांगायला नकोच. तो होता माझ्या समोरच्या टेबलावरचा. आम्ही दोघं एकाच दिवशी नोकरीला लागलो होतो. आवाज असा, की यानं रजेचा अर्ज मोठ्यानं वाचला तरी आरती चालली आहे असं वाटावं. पर्जन्यमापकापुढं तो एकदाही गुडघ्यावर बसला नव्हता. त्याच्या पॅंटची इस्त्रीच तसं सांगत होती. यापुढं मी त्याला प्रवक्ते म्हणेन, कारण तो स्वतःला तसंच म्हणवून घ्यायला लागला होता. निदान मला तरी तसं ऐकू यायचं.

प्रवक्त्यांच्या खुर्चीच्या पाठीला पांढरा टॉवेल आला. माझ्या खुर्चीला खिळा होता, तो तसाच राहिला. प्रवक्त्यांचा फोटो वर्तमानपत्रात आला, मग पुन्हा आला, मग ती सवयच झाली. बायको पेपर माझ्यापुढं धरून म्हणाली, "अहो, किती प्रसन्न येतो यांचा चेहरा. तुमचा आधार कार्डावरचासुद्धा ओळखू येत नाही." मी गुपचूप न्हाणीघरात जाऊन त्याच्या आवाजात "जिल्ह्यातील पर्जन्यस्थिती समाधानकारक असून" म्हणून पाहिलं. बाहेरून बायको म्हणाली, "घसा बसलाय का? मिठाच्या गुळण्या करा."

शहागंजात तर फारच हाल. चाचानं विचारलं, "क्या साब, आज कितना?"

"चाचा, बोलायला बंदी आहे. वरून हुकूम आहे."

"मतलब बारिश भी सरकारी हो गई?"

लोक हसले. तेवढ्यात प्रवक्ते स्कूटर लावून आत आले. चाचानं माझ्या देखत खांद्यावरच्या फडक्यानं बाक पुसला. वीस वर्षांत माझ्यासाठी त्यानं बाक पुसला नव्हता. मी तो चहा कडू तोंडानं प्यालो आणि पैसे मोजून दिले, कारण प्रवक्त्यांकडून त्यानं घेतले नाहीत.

असे दिवस चालले होते. मग तो मंगळवार आला.

साडेआठला मी शून्य लिहिलं. निघालो तर माझ्या गाडीचं चाक पंक्चर. रोपवाटिकेचे माळी वाडीतल्या पोराकडून पंप आणवतो म्हणाले, म्हणून थांबलो. अकराच्या सुमाराला वारं फिरलं, डोंगरावरून एक काळा तुकडा घरंगळत आला आणि आमच्या डोक्यावर मोकळा झाला. पंधरा मिनिटं. नुसती एक सर. मी शेडकडे पळायचं सोडून कुंपणापाशी जाऊन उभा राहिलो. शर्ट भिजला, वही पोटाशी धरली होती. मापकाच्या तोंडात थेंब पडताना दिसत होते. इतक्या शून्यांनंतर मला दुसरं काही सुचलंच नाही. माळी शेडमधून ओरडून म्हणाले, "सायेब, न्हावून घ्या आज. घरी पानी नसंल." वहीच्या शेवटच्या रकान्यात मी शेरा मारला, मंगळवार, सकाळी अकरा ते सव्वाअकरा. शहरात टिपूस नव्हता. पंपाची वाट पाहत मी दुपारपर्यंत तिथंच अडकलो. तीनला चिकलठाण्याहून विमान उडालं, आमच्या बाजूला दोन फेऱ्या मारून गेलं. माळ्यांनी हात डोळ्यांवर धरून ते पाहिलं आणि म्हणाले, "हे आता कशाला आलं?"

इथं आमच्या धंद्यातली एक गोष्ट समजून घ्या. आमचा दिवस मध्यरात्री सुरू होत नाही, सकाळी साडेआठला होतो. काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंत जे पडलं ते आजच्या तारखेला लिहायचं. त्यामुळे मंगळवारी सकाळी अकराला पडलेला पाऊस मी बुधवारी मोजला आणि बुधवारच्या तारखेला लिहिला. हा नियम जुना आहे, चांगला आहे. वर जाणाऱ्या तक्त्यात शेऱ्याचा रकाना नाही, फक्त तारीख आणि आकडा. वर कुणीतरी तो तक्ता पाहिला. मंगळवारी विमान, बुधवारी पाऊस. संध्याकाळपर्यंत मजकूर तयार होऊन आला, प्रयोग यशस्वी. कुणी एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं.

मी मोठ्या साहेबांकडे वही घेऊन गेलो. त्यांनी शेरा वाचला, चष्मा काढला.

"तक्त्यात वेळेचा रकाना आहे का?"

"नाही साहेब."

"मग तुमच्या वहीचं काय करू मी? लोणचं?"

मी वही मिटली. साहेब जरा मऊ झाले. म्हणाले, "सांगायचंच असेल तर पद्धत आहे. प्रवक्त्यांमार्फत सांगा."

म्हणजे बघा. माझा पाऊस, माझा भिजलेला शर्ट, माझा गुडघा, आणि खरं सांगायचं तर ते त्या मधाळ गळ्यातून. त्या दिवशी मी गेलो नाही. गुरुवारी माळी ऑफिसात आले. विमानानं पाऊस पाडला, आता टंचाई उरली नाही, असं वर ठरल्यामुळं त्यांच्या वाडीचा टँकर बंद करायचं चाललं होतं. "सायेब, तेवढ्या सरीनं रांजणाचा तळ तरी वला झाला का? तुमी हुता ना तिथं. सांगा की कुनाला तरी." तेव्हा मी उठलो आणि समोरच्या टेबलाशी गेलो. दहा पावलांचं अंतर होतं. मला तो घाट वाटला.

प्रवक्त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "राव, मला लिहून येतं ते मी वाचतो. हे तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. म्हणून तर विचारतोय."

"नक्की अकराच?"

"सव्वाअकराला थांबला. मी उभा होतो खाली."

त्यांनी टॉवेल उगाच सारखा केला. "बघू," म्हणाले. बघू म्हणजे नाही, हे मी इतक्या वर्षांत शिकलो होतो. मनात म्हटलं, बरंच झालं. आता मीच बोलतो. खरं सांगू? त्या क्षणी माझ्या डोक्यात टँकर नव्हता. डोक्यात भरलेलं सभागृह होतं, आणि उठून उभा राहिलेला मी.

शुक्रवारी क्रांती चौकाजवळच्या सभागृहात कार्यक्रम होता. मंत्री आले, शाली आल्या, विमान चालवणाऱ्यांचा सत्कार झाला. प्रवक्ते व्यासपीठावर, मी शेवटून दुसऱ्या रांगेत. रात्रभर मी वाक्य पाठ केलं होतं. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, सगळं ठरलेलं. प्रवक्त्यांनी कागद वाचला. टाळ्या झाल्या. मग पुढच्या रांगेतल्या एका बातमीदारानं साधाच प्रश्न विचारला, "पाऊस किती वाजता पडला?"

प्रवक्त्यांनी कागद पाहिला. उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

हीच वेळ. मी उभा राहिलो. खुर्ची करकरली. प्रवक्त्यांनी लांबून माझ्याकडे पाहिलं. मी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि ध्वनिक्षेपकातून तो आवाज आला, मधात बुडवलेला, शांत, प्रत्येक अक्षर वेगळं.

"सकाळी अकरा वाजता. विमान त्यानंतर, दुपारी तीनला उडालं."

मी तोंड उघडं ठेवून उभा. शेजारचे गृहस्थ पाय आखडून घेत म्हणाले, "जा ना जा, बाहेर डाव्या हाताला आहे." मी निमूट बाहेर गेलो. डाव्या हाताला होतं.

पुढचं काय सांगू. दुसऱ्या दिवशी प्रवक्ते पहिल्या पानावर. बायको म्हणाली, "धीराचा माणूस. मंत्र्यासमोर बोलला." मी म्हटलं, "वेळ मी सांगितली होती त्याला." ती म्हणाली, "हो, पण बोलले ते ना?" शहागंजात चाचानं त्यांना बाक पुसून वर खारी दिली आणि सगळ्यांना सांगितलं, "ये आदमी बारिश का सच बोला." मी तिथंच बसलो होतो, पाऊस अंगावर घेतलेला माणूस. सोमवारी माळी कढीपत्त्याचं रोप घेऊन आले. वाडीचा टँकर चालू राहिला होता. माझ्या टेबलावरून वाकून, "जरा सरका सायेब," म्हणत त्यांनी ते रोप प्रवक्त्यांच्या टेबलावर ठेवलं. रोपाची माती माझ्या वहीवर सांडली.

मंगळवारी मोठ्या साहेबांनी प्रवक्त्यांना बोलावलं. मी वहीवर सही घ्यायला आधीच आत उभा होतो. साहेबांपुढं लांब लखोटा होता. कारणे दाखवा नोटीस. मंजूर मजकुराबाहेर विधान का केलं, आणि त्या माहितीचा स्रोत कोण. वरती चांगलंच तापलं होतं. बदली ठरल्यासारखीच दिसत होती, तीही लांबची.

"पहिल्याचं उत्तर तुम्ही द्याल," साहेब म्हणाले. "दुसऱ्याचं मला आत्ता पाहिजे. वेळ कुणी सांगितली तुम्हाला?"

मी वही घट्ट धरली. प्रवक्त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच आवाजात म्हणाले, "कुणी नाही, साहेब. माझ्याच माहितीवरून बोललो."

त्यांनी मला वाचवलं, हे मला नंतर जिना उतरताना कळलं, तिसऱ्या की चौथ्या पायरीवर. तेव्हा मात्र मला फक्त एक शब्द ऐकू आला, माझ्याच. फोटो गेला, चहा गेला, रोप गेलं, माझं पाठ केलेलं वाक्य गेलं, आणि आता मंगळवारची ती पंधरा मिनिटंही याच्या खात्यात चालली होती. साहेब लखोटा त्यांच्याकडे सरकवत होते. मी टेबलावर हात टाकला, लखोटा दाबून धरला आणि खोलीबाहेरच्या शिपायालाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो, "साहेब, ती नोटीस माझी आहे."